‘जोड्या लावा’मधून सुटलेली निजामशाही

स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये दोन ओळींत संपणारी अहमदनगरची निजामशाही प्रत्यक्षात १४६ वर्षं चालली. त्यात बनावट पत्र आहे, अफवा आहे, चित्रातून पुसलेली राणी आहे आणि गुलाम म्हणून विकला गेलेला एक ‘किंगमेकर’ही आहे. पाथरीपासून माहुलीपर्यंतच्या या प्रवासाची ही गोष्ट.

आदिलशाही – विजापूर. कुतुबशाही – गोवळकोंडा. इमादशाही – वऱ्हाड. बरीदशाही – बीदर. निजामशाही – अहमदनगर. शाळेत असताना हे पाठ न केलेला माणूस सापडणं कठीण. दोन मार्कांचा ‘जोड्या लावा’ सोडवला की बहमनी सत्तेच्या पाच तुकड्यांचं आपल्या डोक्यातलं काम संपतं. पुढे कधी तरी शिवचरित्र वाचताना ‘शहाजीराजे निजामशाहीत होते’ हे वाक्य येतं आणि आपण ते तसंच ओलांडून पुढे जातो.

त्यात आणखी एक घोळ. निजामशाही म्हटलं की निम्म्या मित्रांना हैदराबादचा निजाम आठवतो. रझाकार, पोलीस ॲक्शन, मराठवाडा मुक्ती संग्राम वगैरे. तो निजाम वेगळा. त्याची आसफजाही १७२४ मध्ये सुरू झाली आणि १९४८ मध्ये संपली. आपण बोलतोय ती निजामशाही त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीच इतिहासजमा झाली होती. तिची पहिली राजधानी जुन्नर आणि मग अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिचा बहुतेक कारभार आजच्या महाराष्ट्रातच चालला. एसटीचा पास काढून फिरता येईल, एवढी ती आपल्या जवळची आहे.

मास कॉमला पहिल्याच वर्षी एक सवय लावतात. बातमी वाचली की आधी विचारायचं, ‘हे सांगतंय कोण? त्याचा यात फायदा काय?’ निजामशाहीचा इतिहास याच सवयीनं वाचायला घेतला आणि तो एकदम जिवंत झाला. कारण या राजवटीचा जन्म एका खोट्या पत्रानंतरच्या गोंधळात झाला आणि तिची राजधानी पडली ती एका अफवेनंतर.

एक कोरा कागद, एक शिक्का

बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं. शंभर वर्षांनंतर या राज्याच्या दरबारात दोन सरळ गट पडले होते. एक दखनी. म्हणजे इथे पिढ्यानपिढ्या राहिलेले मुसलमान, धर्मांतरित स्थानिक लोक आणि त्यांच्या बाजूला बहुतेक वेळा असलेले हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले सैनिक. दुसरा गट अफाकी. इराण, मध्य आशिया, अरबस्तान इथून नशीब काढायला आलेले सरदार, विद्वान, व्यापारी. त्यांना ‘गरीब’ असंही म्हणत. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी. चांगल्या पोस्ट कुणाला, जहागिरी कुणाला, सुलतानाच्या कानाशी कोण, यावरून दोघांत कायम जुंपलेली असे. ‘बाहेरून आलेले आमच्या जागा खातात’ हे वाक्य पंधराव्या शतकातही तितकंच चालायचं.

या वादात सर्वांत मोठा बळी गेला महमूद गवानचा. हा मूळचा इराणी वजीर. कारभारात हुशार, प्रांतांची फेररचना करणारा, बीदरमध्ये भला मोठा मदरसा बांधणारा. त्याच्या सुधारणांमुळे अनेक सरदारांचे हात बांधले गेले. मग विरोधकांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर मजकूर लिहिला की गवान ओडिशाच्या राजाला बहमनी राज्यावर चालून यायचं निमंत्रण देतोय. सुलतान महंमद तिसरा दारूच्या नशेत होता. शहानिशा झाली नाही. १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला. पत्र बनावट होतं हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

या कटात असलेल्या दखनी सरदारांपैकी प्रमुख नाव होतं मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी. गवाननंतर राज्याची सूत्रं त्याच्याच हातात आली. त्याच्या ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबावरून पुढे निजामशाही हे नाव पडलं.

पाथरीचं कुलकर्ण्यांचं घर

हा मलिक हसन कोण? फेरिश्ता नावाचा फारसी इतिहासकार सांगतो की, तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. त्याचं मूळ नाव तिमाभट, वडिलांचं नाव भैरव. विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेनं त्याला पकडलं, धर्म बदलला आणि हुशार पोरगा म्हणून राजवाड्यात वाढवलं. ‘बहरी’ हे आडनावासारखं चिकटलेलं बिरूद ‘भैरव’वरूनच आलं, असं फेरिश्ता म्हणतो.

आता इथे ‘सोर्स कोण’ हा प्रश्न विचारायलाच हवा. फेरिश्ता स्वतः तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात नोकरीला होता आणि नंतर विजापूरला गेला. म्हणजे त्यानं हे घराणं जवळून पाहिलं होतं, पण लिहिलं ते शेजारच्या, बहुतेक वेळा भांडणात असलेल्या दरबारात बसून. तरी पाथरीच्या बाबतीत त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही, कारण निजामशहांचं वागणंच त्याला दुजोरा देतं. पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाच्या हद्दीत होती. दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशहा यानं ‘आमचं मूळ गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या’ अशी मागणी केली. इमादशहानं उलट तिथे तटबंदी उभारायला घेतली. १५१८ मध्ये बुऱ्हाणच्या फौजेनं पाथरी जिंकली आणि त्यापायी दोन राज्यांत पुढे वर्षानुवर्षं लढाया होत राहिल्या. जिंकल्यावर ते गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं, असंही फेरिश्ता लिहितो.

मेच्या अखेरीस मारलेला छापा

मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार. शिवनेरी, चावंड, लोहगड, पुरंदर, माहुली असे एकेक सह्याद्रीचे किल्ले त्यानं ताब्यात आणले होते. १४८६ मध्ये बीदरला बापाचा खून झाला आणि अहमदला कळून चुकलं की राजधानीत परत जाण्यात अर्थ नाही. त्याला वठणीवर आणायला बहमनी दरबारानं फौजा पाठवल्या. शेवटची मोठी फौज जहांगीर खानाची होती. ही छावणी पावसाळ्याच्या तोंडावर निवांत आणि गाफील असल्याची बातमी अहमदला लागली. २८ मे १४९० रोजी त्यानं अचानक छापा घातला आणि फौज उधळून लावली. जिथे विजय मिळाला तिथे बाग लावली, म्हणून ही ‘बागेची लढाई’. निजामशाहीचा आरंभ इथून धरतात.

१४९४ मध्ये भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी त्यानं नव्या शहराचा पाया घातला आणि त्याला आपलं नाव दिलं. जागा निवडण्यामागे हिशोब होता. जुन्नर एका बाजूला, दौलताबाद दुसऱ्या बाजूला आणि हे बरोबर मधे. दौलताबादच्या मुलुखावर त्यानं वारंवार स्वाऱ्या केल्या आणि १४९९ मध्ये तो बेलाग किल्लाही मिळवला. अहमदच्या काळात शहरात तलवारीच्या द्वंद्वयुद्धाची क्रेझ होती, त्याला ‘एकांगी’ म्हणत. भांडण झालं की तलवार काढायची आणि मोकळ्या जागेत सोक्षमोक्ष लावायचा. आजच्या भाषेत, ‘बाहेर ये, बघतो तुला’.

अहमदनंतर १५१० मध्ये बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता. पण मुकम्मल खानासारखा कर्तबगार वजीर असल्यामुळे राज्य टिकलं. बुऱ्हाणनं ४३ वर्षं राज्य केलं. शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली १५३७ च्या सुमारास त्यानं शिया पंथ स्वीकारला, त्यावरून शहरात बंडही झालं. त्याच बुऱ्हाणचा पेशवा कंवरसेन हा ब्राह्मण होता. हो, ‘पेशवा’ हे पद शनिवारवाड्याच्या दोनशे वर्षं आधी निजामशाहीत होतं.

याच काळात, १५४९ मध्ये, अहमदनगरला एक अजस्र तोफ ओतली गेली. बनवणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला कारागीर. विजापूरच्या ट्रिपला गेलेल्यांनी ‘मुलूख मैदान’ तोफेजवळ फोटो काढलाच असेल. ती विजापूरची नाही, मूळची आपल्या नगरची. परांड्याच्या किल्ल्यावरून ती १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली.

सासर, माहेर आणि सोलापूर

पाचही शाह्या एकाच घरातून फुटल्या होत्या आणि भावकीसारख्याच भांडायच्या. निजामशाही आणि आदिलशाहीचा कायमचा वाद सोलापूरच्या किल्ल्यावरून. त्यात विजयनगरचा रामराया कधी याच्या बाजूनं, कधी त्याच्या. हुसेन निजामशहाच्या वेळी रामराया आणि आदिलशहानं मिळून अहमदनगरला वेढे घातले, मुलूख लुटला. शेवटी सुलतानांच्या लक्षात आलं की आपल्या भांडणाचा फायदा तिसराच घेतोय. मग तोडगा निघाला तो लग्नाचा. हुसेनची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आंदणात सोलापूर. आदिलशहाची बहीण हुसेनच्या मुलाला, मूर्तजाला दिली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत सुलतानांच्या एकत्रित फौजेनं विजयनगरचा पराभव केला. पकडलेल्या रामरायाचं शिर हुसेनच्या हुकमानं उडवलं गेलं. पण ते यश बघायला हुसेन फार जगला नाही. त्याच वर्षी तो वारला.

इथे गोष्टीत एक बाई येते, जिचं नाव पाठ्यपुस्तकात नाही. हुसेनची बेगम खुंजा हुमायून. मुलगा मूर्तजा लहान, म्हणून १५६५ ते १५६९ राज्य तिनं चालवलं. हुसेनच्या विजयाचं कौतुक करणारं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीचं सचित्र फारसी हस्तलिखित याच काळातलं. ते आज पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी बसवलेली होती. दख्खनी दरबारी चित्रांत हे अगदीच दुर्मीळ. पण काही चित्रांत ती जागा आता रंगानं झाकलेली, पुसलेली दिसते. मूर्तजानं आईला कैद करून सत्ता घेतल्यानंतर कधी तरी हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. ग्रुप फोटोतून एक्सला क्रॉप करणारे आपण पहिले नाही.

बारा वर्षांत सहा सुलतान

नकाशावर बघितलं तर मूर्तजाच्याच काळात निजामशाही सर्वांत मोठी झाली. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही त्यानं गिळली. पण दरबाराच्या आत सगळं पोखरत चाललं होतं. ज्या पेशव्यानं, चंगीज खानानं, वऱ्हाड मिळवून दिलं, त्याच्याविरुद्ध कानभरणी झाली आणि मूर्तजानं त्याला विष दिलं. नंतर आपण निष्ठावान माणूस मारला हे कळल्यावर सुलतान एकांतात गेला. वर्षानुवर्षं तो लोकांना भेटत नसे. लोक त्याला ‘दिवाना’ म्हणू लागले. कारभार ओढला सलाबत खानानं. शहराला पाणी, बागा, फराहबाग महाल ही त्याच्या काळातली कामं. नगरजवळच्या डोंगरावर दिसणारा तीन मजली अष्टकोनी ‘चांदबीबीचा महाल’ प्रत्यक्षात या सलाबत खानाची कबर आहे. चांदबीबीचा त्याच्याशी संबंध नाही.

१५८८ मध्ये मूर्तजाला त्याच्याच मुलानं, मीरान हुसेननं मारलं. हमामात कोंडून आग पेटवली, असं वर्णन येतं. मग जे सुरू झालं ते एखाद्या वेब सीरिजच्या लेखकालाही जमणार नाही. मीरान हुसेन काही महिन्यांत मारला गेला. त्या दंगलीत दखनी गटानं शहरातल्या परदेशी लोकांची कत्तल केली. त्यातून वाचलेला फेरिश्ता विजापूरला निघून गेला. मीराननंतर इस्माईल, मग त्याचाच बाप दुसरा बुऱ्हाण, मग इब्राहिम, मग अहमद नावाचा एक मुलगा ज्याच्या वंशाचीच खात्री नव्हती, मग बहादूर. १५८८ ते १६०० या बारा वर्षांत सहा जण गादीवर बसले.

१५९५ ची स्थिती तर नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ऱ्हासाचं मूळ तिथेच दिसतं. एकाच वेळी चार गट आणि चार ‘सुलतान’. दखनी सरदार मियाँ मंजूचा अहमद. हबशी सरदार इखलास खानाचा मोती. दुसरा हबशी सरदार आभंग खान याचा उमेदवार पहिल्या बुऱ्हाणचा म्हातारा मुलगा शाह अली. आणि चौथा, इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर, ज्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत टाकलं होतं. त्याच्या बाजूनं चांदबीबी. मियाँ मंजूला वाटलं आपण हरतोय. त्यानं गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला मदतीला बोलावलं. आपल्या पॅनेलला निवडून आणण्यासाठी बाहेरच्याला कॉलेजात घुसवायचं आणि मग तो निघायला तयारच नाही, असा हा प्रकार. मुराद येईपर्यंत मंजूला पश्चात्ताप झाला होता, पण मोगल फौज निघून चुकली होती.

‘ती मोगलांना मिळालीय’

चांदबीबी तेव्हा पंचेचाळिशीची. आयुष्यात तिनं तोपर्यंत पुरेसं पाहिलं होतं. नवऱ्याचा खून झाल्यावर विजापूरला लहान पुतण्यासाठी तिनं राज्य सांभाळलं. तिथल्या गटबाजीत तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदही झाली. माहेरी आली तर इथेही तेच. आता भावाच्या नातवासाठी, बहादूरसाठी ती उभी राहिली.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. भुईकोट किल्ला, खंदक, दगडी तट. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांना सुगावा लागला आणि काही सुरुंग निकामी केले गेले, पण एक उडाला आणि तटाला मोठं भगदाड पडलं. बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन चांदबीबी भगदाडात उभी राहिली. हल्ले परतवले आणि रातोरात ती भिंत पुन्हा उभी करून घेतली. मोगलांनाही रसद कमी पडत होती. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना, बहादूर सुलतान म्हणून मान्य.

पुढची चार वर्षं आतली भांडणं काही थांबली नाहीत. १६०० मध्ये शहजादा दानियाल मोठी फौज घेऊन आला. या वेळी चांदबीबीचा हिशोब वेगळा होता. किल्ला टिकणार नाही, तेव्हा बहादूर आणि आतल्या लोकांच्या जिवाची हमी घेऊन किल्ला द्यावा, जुन्नरला जावं आणि तिथून राज्य चालवावं. लढाई नीट कळणाऱ्या माणसाचाच हा विचार. पण तिनं ज्याच्याशी बोलणं केलं, त्या हमीद खानानं बाहेर येऊन ओरड केली की, चांदबीबी मोगलांना मिळालीय. बस्स. चिडलेला जमाव महालात घुसला आणि तिला मारून टाकलं. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. आतली माणसं मारली गेली, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

जो तिचा गुन्हा म्हणून सांगितला गेला, तो करार झाला असता तर निदान माणसं वाचली असती. फॉरवर्ड करणाऱ्या जमावाला तेव्हाही थांबून विचारायला वेळ नव्हता.

हबशी गुलाम, खडकीचं पाणी

बहुतेक नोट्समध्ये निजामशाही इथे संपते. प्रत्यक्षात ती आणखी ३६ वर्षं जगली, आणि त्याचं बरंचसं श्रेय मलिक अंबरला.

अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणीच विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे बाजार फिरत फिरत तो दख्खनला आला आणि त्याला विकत घेतलं ते मूर्तजाचा पेशवा चंगीज खान यानं. मालक मेल्यावर तो मोकळा झाला, भाडोत्री घोडेस्वार म्हणून इकडेतिकडे नोकऱ्या केल्या. राजधानी पडल्यावर त्यानं परांड्याला निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून दुसरा मूर्तजा म्हणून गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि विस्कटलेलं राज्य पुन्हा बांधायला घेतलं. राजधानी कधी परांडा, कधी जुन्नर, मग दौलताबाद. १६१० च्या सुमारास आलेला एक इंग्रज व्यापारी लिहितो की, त्याच्याकडे १० हजार हबशी आणि ४० हजार दखनी सैन्य होतं. या दखनींत मराठे मोठ्या संख्येनं होते. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, वेरूळचे भोसले हे निजामशाहीतले मोठे सरदार.

अंबरची लढाईची पद्धत म्हणजे बरगीगिरी. समोरासमोर भिडायचं नाही. रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, घाटात अडवायचं. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशहा दोघांची फौज एकत्र आली तेव्हा त्यानं तिथल्या तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले.

लढाईइतकंच त्याचं कारभाराचं काम मोठं. जमिनीची प्रत बघून, पीक बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे शिवकाळातही संदर्भ म्हणून वापरली गेली. १६१० मध्ये त्यानं खडकी हे शहर वसवलं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. त्या खडकीचं नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पाट्या तीन वेळा बदलल्या.

अंबर हयात असेपर्यंत जहांगीरला दख्खन पूर्ण जिंकता आलं नाही. मग त्यानं चित्रात जिंकलं. अबुल हसन या दरबारी चित्रकारानं काढलेल्या प्रसिद्ध चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावरच्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हे कधीच घडलं नव्हतं. चित्र सध्या डब्लिनच्या चेस्टर बिटी लायब्ररीत आहे. आणि अंबर १६२६ मध्ये ऐंशीच्या आसपास वयाचा होऊन नैसर्गिकरीत्या वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. तो गेल्यावर मोगल दरबारातल्याच इतिहासकारानं, मुतमद खानानं, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ लिहून ठेवली.

शेवटचा डाव पेमगिरीवर

अंबर गेला आणि दहा वर्षांत सगळं आटोपलं. त्याचा मुलगा फतेह खान आणि सुलतान यांचं जमलं नाही. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांची मुलं दगा करून मारली गेली. ज्यांच्या घोडदळावर राज्य उभं, त्यांच्याशीच ही वागणूक. मराठे सरदार तुटायला लागले. त्यातच १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली, तिथे सारा कुठून येणार आणि फौज कशावर पोसणार? फतेह खानानं सुलतानाला मारून दहा वर्षांच्या हुसेनला बसवलं आणि मोगलांशी संधान बांधलं. १६३३ मध्ये महाबत खानानं दौलताबाद घेतला. हुसेनही ग्वाल्हेरला कैदेत गेला.

तरी एक माणूस मानायला तयार नव्हता. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधला, संगमनेरजवळ पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला मूर्तजा म्हणून गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं तीन वर्षं राज्य चालवलं. अंबरचाच फॉर्म्युला. शेवटी शाहजहान जातीनं दख्खनेत आला, आदिलशहाला त्यानं आपल्या बाजूला ओढलं आणि १६३६ मध्ये दोघांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घ्यायचं ठरवलं. शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यावर वेढले गेले. तिथे शरणागती झाली, मुलगा मोगलांच्या ताब्यात गेला, शहाजीराजे आदिलशाहीत गेले. शिवनेरीवर जन्मलेले शिवाजीराजे तेव्हा सहा वर्षांचे होते.

मग ती कुणाची होती?

हा प्रश्न आज कुणीही विचारेल. उत्तर एका शब्दात देता येत नाही. राज्य सुलतानाचं होतं, दरबाराची भाषा फारसी होती, लढायांत गावं लुटली जात होती, हे खरं. राज्य करणारं घराणं पाथरीचं होतं, पेशव्यांत ब्राह्मण होते, फौज मराठे आणि हबशी मिळून चालवत होते, हेही खरं. पैठणच्या संत एकनाथांचा काळ हाच. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार होते असं परंपरा सांगते. नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला तो हवेत नाही, अशा राजवटीत राहून.

राज्य का बुडालं, याचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. मोगल बलाढ्य होते, पण त्यांना पहिलं बोलावणं घरातून गेलं. दखनी, अफाकी, हबशी यांचा हिशोब कधी मिटलाच नाही. लहान मुलं गादीवर आणि मागे भांडणारे गट, असं पुन:पुन्हा झालं. आणि प्रत्येक निर्णायक वेळी, गवान असो, चंगीज खान असो की चांदबीबी, आपल्याच कामाच्या माणसाविरुद्ध आलेली बातमी कुणी तपासून पाहिली नाही.

वीकेंडला बघायचं असेल तर…

अहमदनगरचा भुईकोट किल्ला : चांदबीबीचा वेढा इथला. १९४२ च्या चळवळीत पंडित नेहरू इथेच कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र सोबत ठेवा.

बागरोजा, दमडी मशीद, फराहबाग : संस्थापक अहमदची कबर, दगडी कोरीवकाम आणि महालाचे अवशेष. एका दिवसात होतात.

शाह डोंगर : सलाबत खानाची कबर. ‘चांदबीबी महाल’ विचारलंत तरच रस्ता सापडेल.

शिवनेरी आणि चावंड : जुन्नरला मुक्काम करून दोन्ही होतात. चावंडला कातळातल्या पायऱ्या आहेत, पावसात जपून.

दौलताबाद, खुलताबाद : किल्ला आणि मलिक अंबरची कबर एकाच दिशेला.

पेमगिरी : संगमनेर तालुक्यात. शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा सुलतान बसवला तो गड.